सोपा बेत

अप्पा बळवंत चौकात, जुन्या गाइडांच्या ढिगाखाली
एक पुस्तक मिळालं : ‘शिवण, अगदी नवशिक्यांसाठी’.
पहिल्याच पानावर अठरा भागांचा कोट.
दुसऱ्या पुस्तकातून घडीचा मोठा कागद निघाला.
त्यावर फ्रॉक, परकर, सलवार, फुग्याची बाही
एकमेकांच्या अंगावरून गेलेल्या रेषांत,
शुक्रवार पेठेतल्या एकेरी रस्त्यांसारख्या :
आत शिरता येतं,
बाहेर कुठून पडायचं ते लिहिलेलं नाही.

मला फार काही नको होतं.
उजवा हात वर न करता घालता येईल
असा एक सदरा.
ऑपरेशननंतर अण्णांचा खांदा उचलत नाही.
शर्ट चढवताना ते ओरडत नाहीत,
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात
आणि मी बटणं लावेपर्यंत
त्या महिन्याच्या सगळ्या तिथी वाचून काढतात.

बोहरी आळीत हकीमुद्दीनभाईंनी
सोळा नंबरची सुई काढली, विचारलं, शिवणार कोण?
मी म्हटलं, मीच.
त्यांनी आणखी दोन पाकिटं पुढे सरकवली.

बारटक्केबाईंचा क्लास हिंगण्याला, पिठाच्या गिरणीवर.
खाली दळण सुरू झालं
की वरची टीप आपोआप थरथरते.
बाईंनी माझी पुस्तकं उघडलीसुद्धा नाहीत.
‘घरात कुणाचं झबलं आहे का जुनं?’

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत माझंच निघालं.
आत्याने हाताने शिवलेलं, मऊ, पिवळट,
गळ्याजवळ गुटीचा डाग.
पुढचा एक तुकडा, पाठीचा एक,
खांद्यावर बंद, बगलेखाली बंद.
बाई म्हणाल्या, हाच तुमचा बेत.
फक्त माणूस मोठा आहे.

वर्तमानपत्रावर ठेवून ते अडीच पट केलं,
पोटासाठी आणखी थोडं.
छोट्या जाहिरातींमधून मुंढा गेला,
राशिभविष्यात गळा आला.
उभा धागा उभाच ठेवायचा,
एवढी एकच गोष्ट पाठ केली होती
आणि नेमकी तीच विसरलो.
चादरीचा पहिला सदरा डावीकडे चालत गेला.
दोन रात्री उसवत बसलो.

तेहतीस वर्षं अण्णा पिंपरीच्या कारखान्यात
ड्रॉइंग काढायचे.
त्यांना कागद दाखवायचा नव्हता,
पण जेवायच्या टेबलावर तोच पसरलेला.
चष्मा चढवला. डाव्या हाताने पेन्सिल मागितली.
‘हा आर्क हाताने काढलायस. सेंटर कुठाय?’
मी गप्प.
‘स्केल लिहिलेलं नाही.
आणि टॉलरन्स? टॉलरन्स किती ठेवलास?’
पाऊण इंच, मी म्हटलं, दोन्ही बाजूंना.
शिवणात त्याला माया म्हणतात.

‘माया,’ अण्णा म्हणाले.
‘पाऊण इंच?’

मग कधी न वापरलेल्या त्या हाताने,
थांबत, पेन्सिल पुन्हा टेकवत,
माझ्या रेषेबाहेर त्यांनी दुसरी रेष ओढली.
वाकडी आली. खोडली नाही.
‘सुती कापड धुतल्यावर आटतं.
दीड ठेव.’

परवा झाला सदरा. निळ्या रेघांचं पॉपलीन,
एक बंद लांब, एक आखूड,
पाठीवर एके ठिकाणी दोरा गुंतून गाठ बसलीय,
ती बाहेरून दिसते.
अण्णा आरशासमोर उभे राहिले, एकदा वळले.
‘खिसा नाही,’ म्हणाले. ‘पेन कुठे लावू?’

उद्या गुरुवार. बाईंना खिशाचं विचारायला हवं,
सगळ्यात सोपा कोणता ते.
जाताना ज्वारीचा डबाही न्यायचाय,
खाली दळायला.